सायकल हाणून दुर्मिळ आजारावर औषध मिळतं का?

पंक्चरलेला:
ऑफिसातला एक मित्र चाललाय राइडला. शंभर किलोमीटर, दुर्मिळ आजारांच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. सगळ्यांना लिंक पाठवलीय की यथाशक्ती टाका. मी अजून टाकलेले नाहीत आणि चार दिवस झाले, लिफ्टमध्ये तो दिसला की मी जिन्याने जातोय. प्रश्न साधा आहे, त्याने पायडल मारले काय अन् नाही मारले काय, कुणाच्या जीनमध्ये काय फरक पडणार? पैसे द्यायचेत तर सरळ द्या ना. जर्सी, मेडल, पाण्याचे स्टॉल, अँब्युलन्स, फोटोग्राफर, हे सगळं उरकून लॅबपर्यंत पोचतं किती? आणि आजार असा की जगभरात मिळून काही शे पेशंट. तेच पैसे मलेरियाच्या मच्छरदाण्यांना दिले तर किती जीव वाचतील. मी कंजूष आहे असं म्हणणार असाल तर म्हणा, पण आधी उत्तर द्या.

आकडेमोड:
कंजूष नाही, बरोबर विचारताय. पण खर्चाचं सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेत पॅन-मास चॅलेंज म्हणून राइड आहे, कॅन्सरसाठी आहे, दुर्मिळ आजारांसाठी नाही, पण हिशोब बघण्यासारखा आहे. 1980 साली 36 जणांनी सुरू केली, तेव्हा जेमतेम 10 हजार डॉलर जमले. आता रायडरने जमवलेला सगळाच्या सगळा पैसा हॉस्पिटलकडे जातो आणि राइडचा खर्च नोंदणी फी, स्पॉन्सर वगैरेंतून भागवतात. म्हणजे करता येतं. तुमच्या मित्राची राइड तसं करते का, एवढंच विचारा त्याला. जिन्याने जाण्यापेक्षा सोपं आहे.

फक्तचढ:
मी अशा तीन राइड केल्यात. खरं सांगू का, निम्मे लोक मेडलसाठी येतात, उरलेले फोटोसाठी. मी टीशर्टसाठी.

उलटतपासणी:
फक्तचढ यांनी तरी प्रामाणिकपणे सांगितलं. माझं म्हणणं वेगळं आहे. 2014 ची बर्फाच्या बादल्यांची लाट आठवते ना, लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचे, एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजारासाठी? एका संस्थेकडे 11.5 कोटी डॉलर आले. त्यातला काही पैसा ज्या औषधाला गेला ते 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मग मोठ्या ट्रायलमध्ये आपटलं आणि 2024 मध्ये बाजारातून परत घेतलं. दुसरं, सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसांचा आनुवंशिक आजार. त्या आजाराच्या अमेरिकेतल्या फाउंडेशनने देणगीचा पैसा औषध कंपनीत घातला, 2012 मध्ये कालिडेको आलं, चांगलं औषध आहे, पण किंमत वर्षाला 3 लाख डॉलरच्या आसपास. फाउंडेशनने 2014 मध्ये रॉयल्टीचे, म्हणजे औषधाच्या विक्रीतल्या वाट्याचे, हक्क 3.3 अब्ज डॉलरना विकले. म्हणजे घाम गाळायचा लोकांनी, देणगी द्यायची लोकांनी आणि शेवटी बिलही लोकांनाच. राइडच्या पोस्टरवर हे कोणी छापतं का?

पिपेटवाली:
मी लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते, कारण वर सगळे शेवटच्या औषधाबद्दल बोलताय आणि राइडचा पैसा बहुतेक वेळा तिथे जातच नाही, तो अगदी सुरुवातीला लागतो. मोठ्या ग्रँटला अर्ज केला की ते विचारतात प्रिलिमिनरी डेटा, म्हणजे सुरुवातीचे निष्कर्ष, कुठाय. डेटा नाही म्हणून ग्रँट नाही, ग्रँट नाही म्हणून डेटा नाही. पेशंट कमी, त्यामुळे कंपनीही फिरकत नाही. हे कोडं सुटतं पायलट ग्रँटने, म्हणजे एक माणूस एखादं वर्ष काम करेल, पेशंटच्या त्वचेतून पेशी वाढवून बघेल, नाहीतर तोच म्युटेशन असलेला उंदीर तयार करेल एवढा पैसा. फिलाडेल्फियात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं ऑर्फन डिसीज सेंटर 2014 पासून मिलियन डॉलर बाइक राइड घेतं. तिथे प्रत्येक टीम एकेका आजाराची असते, टीमने जमवलेला पैसा त्याच आजाराच्या पायलट ग्रँटला जातो आणि एका मर्यादेपर्यंत सेंटर स्वतःची भर घालतं. एवढा सरळ हिशोब मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

आणि काही शे पेशंट म्हणून हिणवू नका. प्रोजेरिया घ्या, लहान मुलं म्हातारी दिसायला लागतात तो. जगात त्याची काहीशेच मुलं. 1999 मध्ये एका अशा मुलाच्या घरच्यांनी फाउंडेशन काढलं, 2003 मध्ये जीन सापडला, 2020 मध्ये पहिलं औषध मंजूर झालं. मूळ कॅन्सरसाठी बनवलेलं होतं ते. मुलं बरी नाही होत, पण आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं. अडीच वर्षं कमी वाटत असतील तर एकदा त्या मुलांचं वय बघा, बहुतेक चौदा-पंधराच्या आसपास जातात उपचार नसले की.

उलटतपासणी:
यशाचं एक उदाहरण सगळेच देतात. न जमलेल्या पायलट ग्रँटची यादी कुठे असते?

पिपेटवाली:
असते की, आमच्या फ्रीजरमध्ये. बहुतेक जमत नाहीतच, म्हणून तर त्यांना पायलट म्हणतात. तुमचं एएलएसचं उदाहरणही अर्धंच आहे. त्याच बादलीच्या पैशाच्या मदतीने 2016 मध्ये एनईके1 नावाचा जीन सापडला. आणि औषधवाल्या कंपनीने आधीच सांगितलं होतं की मोठी ट्रायल फसली तर आम्ही मागे घेऊ, आणि घेतलं. किमतीचं मात्र तुमचं पटतं मला, देणगीच्या पैशातून औषध निघणार असेल तर करारातच किमतीची अट पाहिजे.

मोठीबहीण:
एरवी फक्त वाचते, आज लिहितेय. माझ्या भावाला असा एक आजार आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर लोक आम्हालाच शोधून काढतील इतके आम्ही कमी. निदान व्हायला सहा वर्षं गेली. एका डॉक्टरांनी आळशी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी आईचे लाड म्हणून. शेवटी जीन टेस्टचा रिपोर्ट आला, त्यावर दीड ओळीचं नाव.

राइडला मी भावासाठी गेले, जर्सीच्या पाठीवर ते नाव मावेना म्हणून अक्षरं बारीक केलेली. सूत्रसंचालकाने दोनदा चुकीचं वाचलं आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं. सुरुवातीच्या रेषेजवळ एक मुलगा खुर्चीत होता, दहा-अकराचा असेल. पाण्याची बाटली दोन्ही मनगटांमध्ये धरून, मान डावीकडे वळवून पीत होता. आमचा हुबेहूब तसाच पितो. इतकी वर्षं मला वाटायचं ही याची लकब आहे, मी चिडवायचेही त्याला त्यावरून. मी सायकल आडवी टाकली आणि त्याच्या आईकडे गेले. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तुमच्याकडेही?" राइड मी पंचवीस मिनिटं उशिरा सुरू केली.

त्या दिवशी आम्ही चार कुटुंबं भेटलो. आता एकोणीस आहोत, एक रजिस्टर आहे, त्यात चालणं कधी कमी झालं, गिळायला कधी त्रास व्हायला लागला ते तारखेसकट लिहितो. पिपेटवाली सांगतील याचा उपयोग.

पिपेटवाली:
खूप. आजार आपापला कसा वाढत जातो हेच माहीत नसेल तर औषधाने फरक पडला हे कशावरून ठरवणार? ट्रायल करायची म्हटलं की पहिले हेच मागतात.

उलटतपासणी:
ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. पण खरं बोलायचं तर, ती चार कुटुंबं भेटायला शंभर किलोमीटरची काय गरज? हॉल घ्या, चहा ठेवा.

मोठीबहीण:
दोनदा ठेवला होता चहा. आम्हीच दोघी आलो, मी आणि आई.

आकडेमोड:
यात एक गंमत आहे. एखादा स्वतः त्रास काढणार असेल तर लोक हात जास्त सैल सोडतात, मानसशास्त्रात यावर अभ्यास झालेत, मार्टरडम इफेक्ट म्हणतात त्याला. तर्काला धरून नाही, पण पैसा त्यानेच येतो. आणि पंक्चरलेला, मच्छरदाण्यांचं गणित प्रति जीव म्हणून तुमचंच बरोबर येईल, त्यात मी वाद घालत नाही. फक्त दुर्मिळ आजार सहा हजारांच्या वर आहेत आणि सगळे मिळून जगात 30 कोटी माणसं धरतात. आणि एक, तुम्ही लिंक बंद करून ते पैसे मच्छरदाणीला दिलेत का?

पंक्चरलेला:
नाही दिले. पकडलंत.

आज लिफ्टनेच गेलो. मित्राला तीन गोष्टी विचारल्या: कुठल्या आजाराला, कुठल्या लॅबला, जर्सीचे पैसे कोणाचे. पहिल्या दोन पटकन सांगितल्या. जर्सी म्हणाला मागच्या वर्षीचीच घालणार, नवी घेतली नाही. टाकले मग, निम्मे त्याला, निम्मे मच्छरदाण्यांना. किमतीच्या अटीचं विचारलं तर त्याला ठाऊक नव्हतं, आयोजकांना मेल टाकतो म्हणाला.

उलटतपासणी:
मेलचं उत्तर आलं की इथे टाका. तोवर मी काही देत नाही.

फक्तचढ:
त्याला सांगा सीट अर्धा इंच वर घे आणि चेन आदल्या रात्री पुसून तेल लाव. ऐंशी किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागतात.