ॲपवर तक्रार टाका म्हणे!

सकाळचा फिरस्ता
सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फिरवलेली पोस्ट वाचून डोकं उठलं. मजकूर असा: 'पालिकेच्या नावाने खडे फोडणं बंद करा. ॲप उघडा, फोटो टाका, काम होतं. वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणं ही जुनाट सवय आहे.' खाली अंगठ्यांची रांग.

तर ऐका. आमच्या वळणावर चेंबरचं झाकण फुटलं. मी शहाण्या मुलासारखा फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी मेसेज: तक्रार निकाली. सोबत पुरावा म्हणून कोऱ्या करकरीत झाकणाचा फोटो, मागे कडुलिंब. आमच्या चेंबरमागे इस्त्रीवाल्याची टपरी आहे. कडुलिंब गेल्या पंचवीस वर्षांत तिथे नव्हता. पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा निकाली, तोच कडुलिंब. पाऊस तोंडावर, म्हणून आम्ही भोकात फांदी खोचून तिला लाल ओढणी बांधली. शेवटी वॉर्ड ऑफिस गाठलं (कुठलं ते सांगणार नाही, पुन्हा तिथेच जायचंय). मुकादम सायकलवर आला, वितीने भोक मोजलं आणि म्हणाला, "हे मोठ्या मापाचं आहे, मागवावं लागेल." चार दिवसांनी झाकण बसलं. माप मोठं आहे हे ॲपला कसं कळणार होतं?

दोन पोरांची आई
काका, तुम्ही रिटायर आहात हे वाक्यावाक्यात दिसतंय. मी रोज ठाणे-वाशी लोकलने जाते-येते. वॉर्ड ऑफिसला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. मागे घरपट्टीवर नाव चढवायला एकदा गेले होते. टेबलापलीकडून पहिला प्रश्न: "मिस्टर नाही आले?" ॲप मला हे विचारत नाही. खोटं 'निकाली' आलं तर मी पुन्हा टाकते, निदान कधी टाकली याची तारीख तरी राहते. मुकादमाशी बोललात त्याची तारीख कुठे आहे?

घोडबंदरी
झाकणावरून भांडताय, नशीबवान आहात. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याला एकही नाही. भातसा धरण, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई पालिका, सगळ्यांपुढे ओंजळ. आम्ही पोहण्याचा तलाव बघून फ्लॅट घेतला आणि आता मे महिन्यात टँकरच्या पाळ्या लावायला वेगळा ग्रुप आहे. ॲपवर 'कमी दाबाने पाणी' असा पर्याय आहे, 'पाणीच नाही' असा नाही. वेळेला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा नंबरच कामाला येतो, आणि तो नंबर आमचे सेक्रेटरी आईच्या दागिन्यांसारखा जपतात.

खारघर ४१०२१०
'नवी मुंबईला मोरबे आहे' असं सरसकट बोलू नका. आम्हीही नवी मुंबईकरच आहोत आणि टँकर आम्हीही बघतो.

सेक्टरवाला
खारघर पनवेल महापालिकेत आहे. विषय संपला.

खारघर ४१०२१०
विषय कसा संपला? शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची, तुमची नवी मुंबई महापालिका १९९२ ची. शहर आधी आलं, महापालिका मागून आली. पनवेल महापालिका तर २०१६ ची. माझ्या पासपोर्टवर, मुलीच्या लग्नपत्रिकेवर, सगळीकडे नवी मुंबई आहे.

सेक्टरवाला
लग्नपत्रिकेवर काहीही छापता येतं. बिल्डर कर्जतलाही नवी मुंबई म्हणतात. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा नंबर आला तेव्हा सगळे नवी मुंबईकर, आणि घरपट्टीचं नाव निघालं की 'आम्ही तर सिडकोचे'!

खारघर ४१०२१०
घरपट्टीवर बोलूच नका. पनवेल पालिकेची मागणी थेट २०१६ पासूनची आली, आणि त्या काळात लोक सिडकोचं सेवाशुल्क भरत होते. प्रकरण हायकोर्टापर्यंत उगाच गेलं का? एकाच कचऱ्याचे दोनदा पैसे तुम्ही भरले असते?

गावठाणातला
दोघंही जरा गप्प बसा. नवी मुंबई कुणाची ते ९५ गावांना विचारा, ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर तुमचे सेक्टर उभे आहेत. ॲप उघडलं की पहिला रकाना: सेक्टर निवडा. माझ्या आजोबांच्या घराला सेक्टर नाही. गाव आहे, आळी आहे, समोर विहीर आहे. खांबावरचा दिवा गेला तेव्हा शेजारच्या सेक्टरचा नंबर टाकून तक्रार केली. माणूस तिकडे जाऊन चालू दिवा बघून आला. तक्रार निकाली.

सेक्टरवाला
गावठाणात चार मजले चढवताना मात्र पालिका आठवत नाही!

गावठाणातला
घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडासाठी बापाच्या चपला झिजल्या, त्या आठवतात. तुमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई त्याच चार मजल्यांत भाड्याने राहते. तोंड सांभाळून बोला.

निवृत्त बाबू
मारामारी नंतर करा. मी एका पालिकेत आयुष्य काढलंय, कुठल्या ते विचारू नका. आमच्याकडे तक्रार मुदतीत बंद झाली नाही की ती आपोआप वरच्या साहेबांकडे जायची. म्हणून तक्रार बंद करणं हे एक काम आणि दुरुस्ती हे दुसरं. पहिलं बसल्या जागी होतं. त्यात हद्दीचा घोळ. सायन-पनवेल महामार्ग बांधकाम खात्याचा, त्यावरच्या खड्ड्याचा फोटो पालिकेला पाठवून काय होणार? 'हद्दीबाहेर' लिहायचं, निकाली. आणि नगरसेवक म्हणाल तर नवी मुंबईत मे २०२० पासून प्रशासक होता, ठाण्यात मार्च २०२२ पासून. वर्षानुवर्षं लोकांना रात्री फोन करायला कुणी नव्हतंच. माझ्या मते ॲपचं कौतुक त्यातूनच वाढलं.

घोडबंदरी
नगरसेवक असतानाही आमचा फोन कुणी उचलत नव्हतं. तेवढा प्रशासकाला दोष देऊ नका.

दोन पोरांची आई
म्हणजे बटण दाबून बंद करणाऱ्याचं काम वेळेत झालं आणि वितीने भोक मोजणाऱ्या मुकादमाची नोंद कुठेच नाही. बरं, एवढ्यापुरते काका बरोबर. पण "मिस्टर नाही आले?" यावर इथे एकाही पुरुषाने अवाक्षर काढलेलं नाही. धरण, पिन कोड, चार मजले, सगळं झालं.

सकाळचा फिरस्ता
खरंय. घरी विचारलं. बायको म्हणाली, रेशनकार्डावर पत्ता बदलायला गेली तेव्हा तिलाही हेच विचारलं होतं, आणि मी बाहेर स्कूटरवर बसून होतो. मला आठवतही नव्हतं. ती लाल ओढणी तिची होती, हेही आत्ताच कळलं. तुम्ही ॲप वापरा, माझी हरकत नाही. फक्त तो कडुलिंब कुठला आहे ते कुणाला माहीत असेल तर सांगा, मला एकदा तिथे जाऊन यायचंय.

खारघर ४१०२१०
पत्त्यातून 'नवी मुंबई' पोस्टाला काढायला लावा आधी, मग मला पनवेलकर म्हणा.