बिनशुल्क आलेल्या स्ट्रायकरचा खर्च
फुटबॉलमध्ये वय झालेला स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, हस्तांतर-शुल्काविना (जुन्या क्लबला पैसे न मोजता) मिळत असेल तर क्लबचे बिघडते काय, हा प्रश्न आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातील मंडळींतही रंगतो. शुल्क वाचते हे खरे. परंतु करार संपलेला खेळाडू त्याची कसर बहुधा वाढीव पगारात आणि स्वाक्षरीच्या रकमेत भरून काढतो, शिवाय पुढे त्याला विकून हाती फारसे काही लागत नाही. २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबने ३४ वर्षांच्या स्वीडिश स्ट्रायकर इब्राहिमोविचला असेच घेतले, आणि त्याने पहिल्याच हंगामात २८ गोल केले (टीकाकार गप्पच झाले!), मात्र एप्रिल २०१७ मध्ये आंडरलेख्ट या बेल्जियन क्लबविरुद्ध उडी मारून खाली येताना त्याचा उजवा गुडघा उलट वाकला आणि हंगाम तिथेच संपला. त्याचा मूळ करार एकाच वर्षाचा होता. मलाही तेवढीच मुदत रास्त वाटते.