आजी गेली. तिचं घराबाहेरचं आयुष्य कसं लिहून ठेवू?

धाकटी_नात

माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या महिन्यात गेली. घरात ती आजी होती, उंबऱ्याबाहेर पडली की सगळ्यांच्या ‘बाई’. शाळेत नोकरी तिने कधी केली नाही. पण संध्याकाळी ओट्यावर बसून मोठमोठ्या बायकांना सही करायला शिकवायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायची. पुढे महिला मंडळ आलं, नळासाठी खेटे आले, रक्तदान शिबिरं आली.

तिच्या कपाटातून लांबट वह्या निघाल्या. पुठ्ठ्याला भोक पाडून दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. आत प्रत्येक कामाची एकेक ओळ: “विधवा पेन्शन. अर्ज दिला. साहेब रजेवर. सोमवारी परत.” त्याखाली पुढच्या सोमवारचं: “दाखला कमी. परत.” असं करत करत कितीतरी पानांनंतर, दोनदा अधोरेखित केलेलं: “मिळालं.” मला रडू आवरेना. एकेका कामामागे तिचे किती सोमवार गेले होते, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आता तिच्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय. मामांनी मजकूर पाठवला: प्रेमळ, कष्टाळू, मायाळू, परोपकारी. सगळं खरं आहे, पण ते कुणाच्याही आजीला लागू पडेल. मला त्यात आमची आजी सापडत नाही. वह्यांखेरीज मंडळाचे ग्रुप फोटो आहेत, बैठकांच्या दोन कॅसेट आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. सुरुवात कुठून करू? कुणाला काय विचारू?

जुनी_पाने

तुमच्या आजींना नमस्कार. ते “मिळालं” आहे तसं, त्यांच्याच अक्षरात पुस्तिकेत छापा.

आता कामाचं. वह्या आणि फोटो आणखी काही महिने कपाटात राहिले तरी बिघडत नाही. पण आजींच्या बरोबरीने काम केलेल्या बायका आज किती वयाच्या असतील, याचा विचार करा. आधी त्यांच्याकडे जा, आणि त्यातही ज्या सगळ्यात थकलेल्या असतील त्यांच्याकडे पहिल्यांदा.

“बाई कशा होत्या?” असं विचारू नका. उत्तर येणार, “देवमाणूस होत्या हो,” आणि गाडी तिथेच थांबणार. त्यापेक्षा विचारा: बाई तुमच्या दारात पहिल्यांदा कशासाठी आल्या? कचेरीत जाताना त्या स्वतः बोलायच्या की तुम्हाला बोलायला लावायच्या? कशावर चिडायच्या? कुठलं काम झालंच नाही, आणि त्यावर त्या काय म्हणाल्या? माझ्या आजीबद्दल असंच विचारत फिरलो तेव्हा तिच्या एका जुन्या मैत्रिणीने सांगितलं, की ती साहेबांसमोर कधी खुर्चीत बसायची नाही. बसलं की इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू होतात आणि काम मागे पडतं, म्हणून सही होईपर्यंत टेबलाशी उभी राहायची. हे एक वाक्य ऐकलं आणि मला माझी आजी समोर दिसली. मजकुरात ‘कणखर’ हा शब्द मग लिहावाच लागला नाही.

जाताना ग्रुप फोटो घेऊन जा. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या बाहेरच्या रेषा काढा, प्रत्येकाला आकडा द्या आणि नावं शेजारी लिहीत जा. एक चेहरा ओळखला की त्यामागून पाच गोष्टी निघतात. दोन मैत्रिणी एकत्र भेटल्या तर फारच उत्तम: एक म्हणेल नळ मोर्चानंतर आला, दुसरी म्हणेल आधीच आला होता. तुम्ही निवाडा करू नका, दोन्ही लिहून ठेवा. त्या गप्प झाल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा.

आणि ज्यांचं आजींशी पटलं नाही त्यांनाही भेटा, हे मनापासून सांगतो. चार माणसांत काम करणाऱ्या बाईचं कुणाशी तरी वाजणारच. ते वगळलं तर पुस्तिका परत मामांच्या मजकुरासारखी होईल.

हे काम घरापुरतं आहे असंही समजू नका. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांनी काय केलं, ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्या बायकांना प्रत्यक्ष भेटून, बोलतं करून मिळवलं. त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. ज्यांच्याबद्दल कागदोपत्री फारसं काही नसतं, त्यांचं आयुष्य असं विचारूनच हाती लागतं.

आवाज_आणि_कागद

वरच्या उत्तराशी सहमत. मी वस्तूंचं सांगतो.

कॅसेट आधी. वरच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या बारीक खिट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. टेपवर बुरशी दिसली तर घरच्या प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर एकदाच वाजवून संगणकावर उतरवा आणि मूळ फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा, त्यात आवाज न आवळता पूर्ण राहतो. ‘एमपीथ्री’ ही आवळलेली, लहान फाइल पाठवापाठवीसाठी ठीक आहे.

फोटो निदान ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, आधी आहेत तसेच स्कॅन करा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे वळ उमटतात. मऊ पेन्सिल वापरा. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, ते परत निघत नाही.

कात्रणं वेगळी ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्यातलं आम्ल शेजारच्या फोटोंनाही लागतं. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

शेजारीण

एक काळजी घ्याल का? त्या वह्यांमध्ये दुसऱ्यांची दुःखं आहेत. कुणाला नवऱ्याने टाकलं, कुणाच्या मुलाने पैसे उचलले, हे तुमच्या आजींना विश्वासाने सांगितलेलं असणार. ज्यांची परवानगी मिळेल त्यांचीच नावं छापा. बाकीच्यांचं फक्त काम सांगा.

धाकटी_नात

सगळ्यांचे खूप आभार. शेजारीणताई, वह्या परत बघितल्या. आजीने बहुतेक ठिकाणी नावाचं पहिलं अक्षरच लिहिलंय, तेव्हा मीही तसंच ठेवीन. कॅसेटच्या खिट्ट्या आजच मोडल्या.

मंडळाच्या खजिनदार मावशींना फोन केला. आवाज खोल गेलाय, पण मला लगेच ओळखलं. म्हणाल्या, “ये, पण आईला घेऊन ये. नळाच्या मोर्चात तिला आम्ही आळीपाळीने कडेवर घेतलं होतं.” आईला यातलं काहीच माहीत नव्हतं! ती सोबत असली तर मावशी मोकळेपणाने बोलतील ना?

जुनी_पाने

जास्तच बोलतील, नक्की न्या. पंखा बंद ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्डिंग लावा आणि दोघींच्या मध्ये ठेवा, आईंचे प्रश्नही नीट ऐकू आले पाहिजेत. तासाभराने मावशी थकल्या तर थांबा आणि पुढचा दिवस तिथेच ठरवून या.