मदत हवी आहे: बाळाची मान एकाच बाजूला, नागपुरात कुणाला दाखवू?

नमस्कार तायांनो. माझं बाळ सात आठवड्यांचं आहे, डिलिव्हरी व्हॅक्यूम लावून झाली. पहिल्या आठवड्यापासून ते मान उजवीकडेच ठेवतं. डावीकडे छान पितं, उजवीकडे घेतलं की दोन घोट पिऊन रडून लालबुंद. आता उजव्या कानामागे डोकं थोडं चपटं लागतंय, रोज तेल लावताना हाताला कळतं.

बाळाच्या डॉक्टरांनी तपासलं. मानेचा एक स्नायू आखडलाय, म्हणाले. फिजिओथेरपी करा, जागं असताना पोटावर ठेवा, झोपवताना मात्र पाठीवरच. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, "एका दिवसात मान सरळ करून देते." मी त्यांचा हातच धरला. इतक्या कोवळ्या मानेला झटका द्यायचा नाही, हे माझं पक्कं आहे.

नणंद फ्रान्समध्ये असते. तिकडे ऑस्टिओपथीला (म्हणजे हातानं स्नायू-सांधे हाताळून करायचे उपचार) २००२ पासून कायद्याची मान्यता आहे, तान्ह्या बाळांनाही नेतात. ती म्हणते, नुसत्या हलक्या हातानं करतात. आपल्याकडे नागपुरात असं कुणी आहे का? नेलं असेल तर त्यांचं शिक्षण काय विचारलंत, बाळाला नेमकं काय केलं?

नाहीतर तान्ह्या बाळांचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट सुचवा. आम्ही मानेवाड्याला राहतो, धंतोली-रामदासपेठपर्यंत सहज येऊ.

आणि एक, माझं माकडहाड फार दुखतं. टॉवेलची गुंडाळी करून बसते तेव्हा कुठे पाजता येतं. बाळंतिणीलाही तपासणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.