अन्यायाविरुद्ध काम करताना संयम आणि करुणा: योगसाधनेचे साहाय्य कितपत होते?

प्रश्न:
मी नियमित योगसाधना करते आणि भेदभाव सोसणाऱ्या कुटुंबांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका गटातही काम करते. बैठकीत कोणी अन्यायाचे उघड समर्थन करू लागले की मला राग आवरत नाही आणि तो पुढे सहकाऱ्यांवरही निघतो. सोबतचे साधक ‘साक्षीभावाने पाहा’, म्हणजे त्यात न गुंतता तटस्थपणे पाहा, असे सुचवतात. परंतु अशी शांतता म्हणजे अन्यायाला मूक संमतीच नव्हे का?

प्रतिसाद १:
ही शंका योगाबाहेरची नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत, दुसऱ्या पादातील (प्रकरणातील) ३४ व्या सूत्रात, स्वतः केलेल्या आणि दुसऱ्याकडून करवलेल्या हिंसेच्या जोडीला अनुमोदन दिलेली हिंसाही मोजली आहे. त्यामुळे जिथे गप्प बसणे अनुमोदनासारखे ठरते, तिथे बोलणे हे अहिंसेच्या व्रताला धरूनच आहे. मात्र तेच सूत्र हिंसेच्या मुळाशी लोभ, क्रोध आणि मोह असल्याचे सांगते. म्हणजे कारण न्याय्य असले तरी रागाच्या भरात उच्चारलेला प्रत्येक शब्द त्यामुळे निर्दोष ठरत नाही.

प्रतिसाद २:
विवेचन पटले, पण संतापाच्या क्षणी सूत्रे आठवत नाहीत, हेही मान्य करायला हवे. तेव्हा श्वास रोखू नये. उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांबवावा, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती स्वाभाविकपणे मंदावते. एवढ्याने मतभेद मिटणार नाहीत, पण उत्तर कोणत्या शब्दांत द्यायचे हे ठरवण्यापुरती उसंत मिळते.

प्रतिसाद ३:
पहिल्या पादातील ३३ वे सूत्र दुःखितांविषयी करुणा आणि दुष्कृत्य करणाऱ्यांविषयी उपेक्षा (म्हणजे तटस्थता) सांगते. अन्याय करणाऱ्यावर प्रेम करण्याची सक्ती त्यात नाही. त्याच्या वागण्याने आपले चित्त गढूळ होऊ न देणे एवढीच अपेक्षा आहे, आणि त्याच्या कृत्याचा विरोध त्यामुळे थांबत नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: संयमाची साधना आपण स्वतःपुरती करावी. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच धीर धरण्याचा उपदेश करणे (दुर्दैवाने साधकांमध्ये हे वारंवार दिसते) ही करुणा नव्हे.

प्रश्नकर्ती:
शेवटचा मुद्दा आमच्या गटाला तंतोतंत लागू पडतो. पुढच्या बैठकीत पीडित कुटुंबांना आधी बोलू द्यावे आणि आम्ही नंतर बोलावे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे.