मदत हवी आहे : रेफ्यूजमधे राहून नोकरी धरली तर हाउसिंग बेनिफिट बंद होतो का? इंग्लंड

नमस्कार. नवीन आयडीने लिहितेय कारण जुना आयडी ओळखीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मी इंग्लंडमधे असते, शहर कुठलं ते प्लीज कोणी विचारू नका.

लग्न करून स्पाउस व्हिसावर आले, नवरा इथलाच नागरिक. मारहाण होतीच पण त्याहून जास्त पैशाची कोंडी होती, म्हणजे मी दुकानात काम करायचे तर पगार त्याच्या खात्यात, कार्ड त्याच्याकडे, भाजी आणली तरी पावती समोर ठेवायची आणि सुटे पैसे मोजून द्यायचे. यावर्षी लेकीला घेऊन बाहेर पडले. आता आम्ही दोघी महिलांच्या रेफ्यूजमधे (छळातून बाहेर पडलेल्या बायकांसाठीचं सुरक्षित घर) आहोत, एक खोली आमची, किचन सगळ्यांचं, फ्रिजमधे प्रत्येकीच्या कप्प्यावर नावाची चिकटपट्टी. डोमेस्टिक अब्यूजवाल्या रूटने आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळालाय त्यामुळे पब्लिक फंड्सची (सरकारी मदतीची) अडचण आता नाही. लेक ६ वर्षांची आहे, शाळेत इयर टू.

आता प्रश्न. रेफ्यूजचं भाडं आठवड्याला ३४० पाउंड आहे, ते हाउसिंग बेनिफिटमधून (भाड्यासाठीची सरकारी मदत) कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, परस्पर भरते. हीटिंग-लाइटचे १८ पाउंड मात्र मी दर शुक्रवारी ऑफिसात रोख भरते आणि पावती घेते. बाकी खर्चाला युनिव्हर्सल क्रेडिट (यूसी, कमी उत्पन्नवाल्यांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत) येतं. मला एका केअर होमच्या किचनमधे काम मिळतंय, आठवड्याला २५ तास, मिनिमम वेज म्हणजे तासाला १२.२१ (२०२५-२६ चा दर). मला हे काम हवंय, अगदी मनापासून हवंय. पण इथल्या दोघीतिघी सांगतात की काम धरू नकोस, हाउसिंग बेनिफिट कापतील आणि ३४० पाउंड तुझ्या डोक्यावर येतील. सपोर्ट वर्कर चांगली आहे पण ती म्हणते कौन्सिलला विचार, कौन्सिलला फोन केला तर म्हणतात जॉब सेंटरला विचार. माझा महिन्याचा अख्खा पगार साधारण तेवढाच होईल जेवढं भाडं आहे, मग खायचं काय?

दुसरं म्हणजे पुढे कधीतरी बाहेर फ्लॅट घ्यायचाय. चौकशी केली तर दोन बेडरूमचं ८५० महिना सांगतात, माझ्या भागात सरकार भाड्याच्या मदतीसाठी ७२५ पर्यंतच धरतं. वरचे कुठून आणायचे, डिपॉझिट कुठून आणायचं, गॅरंटर म्हणून कोणाला उभं करायचं? आईला सगळं सांगितलेलं नाही, बाबांची तब्येत बरी नसते.

कोणाला स्वतःचा अनुभव असेल तर सांगा. घरी परत जा, जुळवून घे, असं कृपया लिहू नका.

मनवा२२ :
ताई, मी हेच भोगलंय. मीही रेफ्यूजमधे होते, फुल टाइम काम धरलं आणि दोन महिन्यांत भाड्याच्या थकबाकीची नोटीस आली. तुला घाबरवायचं नाहीये पण हातातलं छप्पर जाईल असं काही करू नकोस. आधी घर, मग काम.

गोदाकाठ :
मनवाताईंचं खरं आहे पण एक विचारते, तुमच्याबरोबर मूल होतं का? कारण सगळं गणित तिथेच फिरतं. मी इथे सल्ला केंद्रात काही वर्षं काम केलंय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा म्हणून सविस्तर लिहिते. आकडे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चे आहेत.

रेफ्यूजमधे असताना भाडं हाउसिंग बेनिफिटमधून आणि बाकी खर्च यूसीमधून, असे दोन वेगळे नळ असतात. नियम असा की यूसी थोडं जरी चालू असेल तरी हाउसिंग बेनिफिट पूर्ण मिळतो, पगार किती ते ते बघत नाहीत. पगारामुळे यूसी शून्यावर आलं की मात्र तो पगार हाउसिंग बेनिफिटच्या हिशोबात धरतात आणि तिथे कात्री फार जोरात चालते, रुपयातले ६५ पैसे म्हणावं तशी. म्हणजे शोधायचं एकच, तुझं यूसी शून्य कधी होतं.

तुझं यूसी ४००.१४ तुझे आणि २९२.८१ लेकीचे, मिळून ६९२.९५ महिना. मूल असलेल्या आईला वर्क अलाउन्स असतो, आणि यूसीमधून भाडं मिळत नसेल तर तो ६८४. तेवढ्या पगाराला हात लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक पाउंडामागे ५५ पेन्स यूसी कमी. २५ तासांचे महिन्याला होतात १३२२ च्या आसपास, टॅक्स आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स) जाऊन हातात १२४५, पेन्शन कापलं तर थोडे कमी. त्यातून ६८४ वजा कर, उरलेल्या ५६१ चे ५५ टक्के म्हणजे ३०९ यूसीतून जातील. तरी ३८४ यूसी शिल्लक राहतं. म्हणजे हाउसिंग बेनिफिट पूर्ण चालू, आणि तुझ्याकडे पगार १२४५, यूसी ३८४ आणि चाइल्ड बेनिफिट (मुलासाठीचा सरकारी भत्ता) वेगळा. तुझं यूसी शून्य व्हायला हातात १९४४ च्या आसपास पगार लागेल.

ज्या बाईला मूल नाही आणि तब्येतीचंही काही नाही तिला वर्क अलाउन्स नाही. तिचं ४००.१४ हे ७२८ पगारालाच संपतं. तुझ्या रेफ्यूजमधल्या बायका सांगतात ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे.

मनवा२२ :
मला मूल नव्हतं. मला हे कोणीही असं समजावून सांगितलं नाही तेव्हा, नुसतं पत्र आलं. ताई, तुझं गणित वेगळं आहे, तू घे काम.

नवी_पहाट (धागाकर्ती) :
गोदाकाठताई, मी हे वहीत उतरवून तीनदा करून बघितलं. रडू आलं खरं सांगते. सपोर्ट वर्करला दाखवलं, ती म्हणाली बरोबर आहे. आता फ्लॅटचं सांगाल का?

गोदाकाठ :
सांगते. आधी फ्लॅटची घाई नको.

रेफ्यूजमधे राहणारी बाई कायद्याने होमलेसच धरतात, २००९ मधे हाउस ऑफ लॉर्ड्सने मँचेस्टरच्या एका केसमधे तसा निकाल दिलाय. आणि डोमेस्टिक अब्यूज ॲक्ट २०२१ पासून इंग्लंडमधे छळामुळे बेघर झालेल्या बाईला आपोआप प्रायॉरिटी नीड (घर देताना प्राधान्य) आहे, मी जास्त असहाय आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. त्याच कायद्यात आर्थिक छळही छळ धरलाय, तुझं ते पावतीचं आणि कार्डाचं त्यात बसतं. तेव्हा कौन्सिलकडे होमलेस ॲप्लिकेशन कर, लेखी कर, आणि निर्णय पत्रावर माग. "तुमचं लोकल कनेक्शन (या भागाशी नातं) इथे नाही" म्हणून तुला धोका असलेल्या गावी ते परत पाठवू शकत नाहीत. तू स्वतःहून प्रायव्हेट फ्लॅट घेतलास की तू होमलेस राहत नाहीस आणि कौन्सिलची जबाबदारी तिथेच संपते, म्हणून सही करायच्या आधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोल.

प्रायव्हेट घ्यावंच लागलं तर भाड्याचा भाग यूसीतच येईल, वर्क अलाउन्स मग ४११ होतो. तुझ्या आकड्यांनी (६९२.९५ आणि भाड्याचे ७२५, त्यातून ४११ च्या वरच्या पगाराचे ५५ टक्के वजा) यूसी साधारण ९५९, पगार १२४५, चाइल्ड बेनिफिट ११३, म्हणजे २३१७. भाडं ८५० गेलं की १४६७ उरतात. त्यातून कौन्सिल टॅक्स, वीज, बस, खाणं. ओढाताण होईल पण भागतं. ८५० आणि ७२५ मधला फरक भरायला कौन्सिलकडे डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट (भाड्यासाठीची जास्तीची मदत, एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड) माग, मिळेलच असं नाही पण न मागता तर नाहीच मिळत. एकटीच मोठी माणूस घरात म्हणून कौन्सिल टॅक्समधे २५ टक्के सूट आणि शिवाय कमी उत्पन्नाची वेगळी सवलत. डिपॉझिट कायद्याने पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तुझ्यासाठी ९८० च्या आसपास, त्याला कौन्सिलची बॉन्ड स्कीम (रोख डिपॉझिटऐवजी कौन्सिलची हमी) आहे का विचार, गॅरंटरचाही प्रश्न कधीकधी त्यातच सुटतो. आणि "बेनिफिटवाले नकोत" असं कोणी एजंट सरसकट म्हणाला तर तो भेदभाव आहे, २०२० मधे यॉर्कच्या कोर्टाने तसं म्हटलंय.

दुधगाव :
दोन गोष्टी माझ्याकडून. आफ्टर स्कूल क्लब ऑफस्टेडला (शाळा-पाळणाघरं तपासणारं सरकारी खातं) रजिस्टर असेल तर यूसीतून फीच्या ८५ टक्के परत मिळतात, पण आधी भरून मग. काम नवीनच सुरू करताना पहिली फी वर्क कोचकडून (जॉब सेंटरमधला आपला अधिकारी) आधी मागता येते, ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. इयर टूपर्यंत शाळेत जेवण सगळ्यांनाच फुकट असतं, इयर थ्रीची काळजी करू नकोस, सप्टेंबर २०२६ पासून यूसीवरच्या सगळ्या घरांतल्या मुलांना ते मिळणार आहे.

दुसरं, पत्ता आणि कामाची जागा मराठी मंडळाच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर कळू देऊ नकोस. आपल्यातलेच लोक "नवरा काळजीत आहे" म्हणून सांगून मोकळे होतात.

साताराची_लेक :
धाग्याचा विषय थोडा वेगळा पण माझी मावसबहीण तिथे आहे, तिचा नवरा वर्क व्हिसावर आणि ती डिपेंडंट. तिला यातलं काही मिळेल का?

गोदाकाठ :
मिळू शकतं, थोडंच. फेब्रुवारी २०२४ पासून वर्क आणि स्टुडंट व्हिसावाल्यांच्या जोडीदारालाही छळामुळे वेगळं झाल्यावर मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन (तात्पुरती राहायची सवलत) मागता येतं, त्यात ३ महिने पब्लिक फंड्स मिळतात. पण धागाकर्तीसारखा आयएलआरचा रस्ता तिला नाही. आणि ते घेतलं की जुना व्हिसा संपतो, म्हणून अर्ज करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी किंवा साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या महिला संस्थेशी बोलायलाच हवं. घरगुती छळासाठीची चोवीस तासांची हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, फोन फुकट आहे, दुभाषा मागता येतो.

नवी_पहाट (धागाकर्ती) :
कॉन्ट्रॅक्ट आलंय. त्यात लिहिलंय पगार दर चार आठवड्यांनी. याने काही फरक पडतो का?

गोदाकाठ :
पडतो, बरं झालं विचारलंस. चार आठवड्यांनी म्हणजे वर्षाला १३ पगार. यूसी महिन्याच्या असेसमेंट पिरियडवर (ज्या एका महिन्याचा पगार धरून हिशोब करतात तो) चालतं, त्यामुळे वर्षातून एकदा एकाच पिरियडमधे दोन पगार पडतात. तुझा एक पगार हातात साधारण ११५०, दोन मिळून २३००, म्हणजे १९४४ च्या वर. त्या एका महिन्यात यूसी शून्य आणि त्याबरोबर हाउसिंग बेनिफिटलाही धक्का. क्लेम बंद झालाच तर सहा महिन्यांच्या आत लगेच पुन्हा उघड, जुन्याच तारखा चालू राहतात.

आत्ता एवढं कर. यूसी अकाउंटवर स्टेटमेंट उघड, असेसमेंट पिरियड कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते लिहून घे. मॅनेजरकडून वर्षभराच्या पगाराच्या तारखा माग. दोन्ही कॅलेंडरवर मांड, दोन पगारांचा महिना दिसेल. तो महिना यायच्या आधी सपोर्ट वर्करकडून हाउसिंग बेनिफिट ऑफिसला ईमेल जाऊ दे आणि मधल्या पगारांतून थोडे बाजूला ठेव. महिन्याला पगार देता येईल का हेही विचार, काही ठिकाणी देतात.

नवी_पहाट (धागाकर्ती) :
बघितलं. पिरियड १४ ते १३, आणि दोन पगारांचा महिना जुलैत येतोय. महिन्याला पगार जमणार नाही म्हणाले. सपोर्ट वर्करने जुलैची नोंद तिच्या फाइलमधे करून घेतलीय आणि कौन्सिलच्या होमलेस अर्जासाठी बुधवारची वेळ मिळाली. कॉन्ट्रॅक्टवर सही केली. सोमवारी सकाळी साडेनऊची पहिली शिफ्ट आहे, लेकीला शाळेत सोडून जाता येतं. कौन्सिलचं पत्र आलं की इथेच टाकते, तेव्हा पुन्हा लागाल मदतीला.