फाइल ओढून सोडली तरी अ‍ॅप घेतच नाही (पायसाइड ६, विंडोज)

कराडचा_भाचा
नमस्कार मंडळी, मामांचं दस्त नोंदणीच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, तिथे सातबारा, आठ-अ, फेरफार असले स्कॅन केलेले पीडीएफ ढिगाने असतात आणि ते एकत्र जोडून एक फाइल करायची असते, म्हणून पायथनमध्ये पायसाइड ६ (क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचं पायथनरूप) वापरून छोटं अ‍ॅप बनवतोय. एक्सप्लोररमधून फायली ओढून लिस्टमध्ये सोडायच्या, बटण दाबलं की मर्ज. क्यूलिस्टविजेटचा (क्यूटीची तयार यादी) सबक्लास (त्यावरून स्वतःची आवृत्ती) केलाय, त्यात सेटअ‍ॅक्सेप्टड्रॉप्स ट्रू आहे, ड्रॉपइव्हेंट (फाइल सोडली की चालणारं फंक्शन) लिहिलाय, त्याच्या पहिल्याच ओळीत प्रिंट टाकलाय आणि ते प्रिंट काही केल्या येत नाही. माउस लिस्टवर नेला की तो गोल-आडवी-रेघवाला नकाराचा कर्सर येतो, सोडलं की काहीच नाही. एरर पण नाही. दोन संध्याकाळी गेल्या यात. काय चुकतंय?

मधली_आळी
क्यूटी कशाला एवढ्याशा कामाला, टीकेइंटरमध्ये (पायथनसोबत येणारी लायब्ररी) करून टाक की, दहा ओळीत होतं.

जुना_विन३२वाला
@मधली_आळी टीकेइंटरला बाहेरून आलेली फाइल घेताच येत नाही हो मुळात, त्याचं स्वतःचं डीएनडी (ओढा-सोडा) मॉड्यूल फक्त अ‍ॅपच्या आतल्या आत चालतं. फायली घ्यायच्या तर टीकेइंटरडीएनडी२ वेगळं टाकावं लागतं आणि तिथे सगळे पाथ एकाच स्ट्रिंगमध्ये येतात, नावात स्पेस असेल तर महिरपी कंसात. मग लोक साधा स्प्लिट मारतात आणि 'फेरफार १२.पीडीएफ'चे दोन तुकडे होतात. (तिथे टीकेचा स्प्लिटलिस्ट वापरायचा असतो.) असो.

भाच्या, तुझा प्रॉब्लेम साधा आहे. ड्रॉप ही एकदम घडणारी गोष्ट नाही. माउस तुझ्या विजेटवर शिरला की आधी ड्रॅगएंटरइव्हेंट येतो, म्हणजे दारात उभं राहून विचारतात, 'असा असा माल आहे, घेणार का?' तिथे तू होय म्हटलं नाहीस तर क्यूटी तुझ्या वतीने नाही म्हणतं आणि मग ड्रॉपइव्हेंट येतच नाही, म्हणून तुझं प्रिंट दिसत नाही. तेव्हा ड्रॅगएंटरइव्हेंट लिही, त्यात माइमडेटाचं (ओढलेल्या मालाची माहिती) हॅजयूआरएल्स (फायलींचे पत्ते आहेत का) तपास, खरं असेल तर अ‍ॅक्सेप्ट कर.

पण तेवढ्याने भागणार नाही, कारण तू क्यूलिस्टविजेट घेतलंयस. त्याचा स्वतःचा ड्रॅगमूव्हइव्हेंट असतो, तो माउस हलला की मॉडेलला (यादीचा डेटा सांभाळणारा भाग) विचारतो आणि मॉडेल म्हणतं मला हा प्रकार माहीत नाही. म्हणजे दारातून आत घेतलं आणि ओट्यावरून हाकललं. ड्रॅगमूव्ह पण ओव्हरराइड कर (स्वतःचा लिही), आत तेच अ‍ॅक्सेप्ट, आणि त्यात सुपरला (मूळ क्लासच्या फंक्शनला) कॉल करू नकोस, नाहीतर परत नकार येईल.

आणखी एक, होकार देताना अ‍ॅक्सेप्टप्रपोज्डअ‍ॅक्शन न वापरता सेटड्रॉपअ‍ॅक्शनने कॉपीअ‍ॅक्शन लाव आणि मग अ‍ॅक्सेप्ट कर. कुणी शिफ्ट धरून ओढलं तर समोरून 'मूव्ह'चा प्रस्ताव येतो, त्याला तू हो म्हणालास तर मूळ फाइल आता तुझी झाली असं समोरचा समजू शकतो. मामांचे पक्षकारांचे कागद आहेत, कशाला विषाची परीक्षा.

कराडचा_भाचा
दादा चाललं!! ड्रॅगमूव्हचं तर डोक्यातच आलं नसतं. पण आता वेगळंच झालंय, माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास चालतं आणि मामांच्या ऑफिसातल्या पीसीवर तोच नकाराचा कर्सर. दोन्हीकडे विंडोज ११, एक्सई पण तीच पेनड्राइव्हवरून नेलेली. अँटीव्हायरस बंद करून पाहिला, फरक नाही.

स्वराली_टेस्टर
ड्रॅगएंटरच्या पहिल्या ओळीत लॉग टाका आणि ऑफिसात बघा. लॉग आला तर नकार तुमच्याच कोडमधून जातोय. लॉगच आला नाही तर तुमच्यापर्यंत कुणी पोचतच नाहीये, मग कोडमध्ये कितीही शोधा, काही सापडणार नाही. आणि तिथे अ‍ॅप 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवताय का?

कराडचा_भाचा
लॉग अजिबात येत नाही. आणि हो, अ‍ॅडमिननेच चालवतो, कारण अ‍ॅप प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलंय आणि सेटिंगची फाइल तिथेच शेजारी लिहितं, अ‍ॅडमिन नसेल तर परमिशनची एरर यायची. पण अ‍ॅडमिनला तर जास्त परवानगी असायला हवी ना??

स्वराली_टेस्टर
तिथेच तर सगळे फसतात, मी पण एक अख्खा दिवस घालवलाय यात. व्हिस्टापासून विंडोजमध्ये प्रत्येक प्रोसेसला पातळी असते आणि खालच्या पातळीवरचा प्रोग्राम वरच्याला ढकलाढकली करू शकत नाही. एक्सप्लोरर साध्या पातळीवर चालतो, तुमचं अ‍ॅप अ‍ॅडमिनच्या, त्यामुळे एक्सप्लोररने दिलेली फाइल वरपर्यंत जातच नाही. खात्री करायची असेल तर नोटपॅड अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि त्यात फाइल ओढून बघा, तो पण घेणार नाही. एडिटर अ‍ॅडमिनने उघडून त्यातून प्रोग्राम रन केला तरी हेच होतं, कारण अ‍ॅडमिनपणा वारशाने येतो.

जुना_विन३२वाला
बरोबर. आता कुणीतरी सांगेल की चेंजविंडोमेसेजफिल्टरएक्स वापरून डब्ल्यूएम_ड्रॉपफाइल्स (फाइल सोडल्याचा विंडोजचा संदेश) मोकळा करा. ती युक्ती जुन्या ड्रॅगअ‍ॅक्सेप्टफाइल्सच्या पद्धतीला चालते, क्यूटी ओएलईच्या (विंडोजची ओढा-सोडीची दुसरी पद्धत) रस्त्याने जातं, तिथे तिचा उपयोग नाही. सरळ सेटिंगची फाइल अ‍ॅपडेटामध्ये ने (युजरचं स्वतःचं फोल्डर, क्यूस्टँडर्डपाथ्स जागा सांगतं) आणि अ‍ॅडमिन काढून टाक. साध्या अ‍ॅपला अ‍ॅडमिन लागतो म्हणजे आपणच काहीतरी चुकीच्या जागी लिहीत असतो.

कराडचा_भाचा
झालं! अ‍ॅपडेटात हलवलं आणि लगेच चालू. मग मी हौसेने बटण काढून ड्रॉप केल्याकेल्या मर्ज सुरू होईल असं केलं, तर साठेक फायली टाकल्या की माझं अ‍ॅप अडकतं ते ठीक, पण एक्सप्लोररची खिडकी पण अडकते. मामा म्हणाले, तुझ्या प्रोग्रामने कॉम्प्युटर बसवला. शिवाय पानांचा क्रम उलटसुलट, कधी सात नंबरचं पान पहिलं, कधी बारा नंबरचं.

जुना_विन३२वाला
मामा फार चुकले नाहीत. एक्सप्लोररने ज्या कॉलमधून ड्रॅग सुरू केलाय तो तुझा ड्रॉपइव्हेंट संपेपर्यंत परतत नाही, म्हणजे तू आत बसून साठ पीडीएफ जोडतोयस आणि तो बाहेर हात धरून उभा. ड्रॉपइव्हेंटमध्ये फक्त पाथची लिस्ट स्वतःकडे कॉपी करून घे आणि बाहेर पड. नुसता माइमडेटा धरून ठेवून नंतर वाचायला जाऊ नकोस, इव्हेंट संपला की त्याचा भरवसा नाही. मर्ज वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात). शून्य मिलिसेकंदाचा सिंगलशॉट (एकदाच वाजणारा) टायमर लावलास तर एक्सप्लोरर सुटेल, पण तुझी स्वतःची खिडकी तरी अडकेलच.

क्रमाचं म्हणशील तर खूप फायली सिलेक्ट करून ज्या फाइलला धरून ओढतोस ती एक्सप्लोरर पहिली देतो. त्यामुळे आलेल्या क्रमावर विसंबू नकोस, स्वतः सॉर्ट कर, आणि साधा सॉर्ट केलास तर १० हा २ च्या आधी येतो. क्यूकोलेटर (क्यूटीचा मजकुराची तुलना करणारा क्लास) घे, त्याचा न्यूमेरिकमोड ट्रू कर. पाथ काढताना टूलोकलफाइल (यूआरएलवरून डिस्कवरचा पाथ देणारं फंक्शन) वापरतोयस ना? नुसत्या पाथने सी ड्राइव्हच्या आधी एक जादा स्लॅश लागतो.

कराडचा_भाचा
पाथच वापरत होतो आणि पहिलं अक्षर कापून टाकत होतो 😅 बदललं. क्रम पण आता बरोबर. शेवटचं एक, आउटलुकमधली अटॅचमेंट थेट ओढली तर हॅजयूआरएल्स फॉल्स येतं, ते का?

स्वराली_टेस्टर
ती फाइल अजून डिस्कवर नसतेच, मग पाथ कुठून येणार. नावांची यादी फाइलग्रुपडिस्क्रिप्टरडब्ल्यू नावाच्या फॉरमॅटमध्ये येते आणि आतला मजकूर फाइलकंटेंट्समध्ये, ते पायथनमधून उचलायचं म्हणजे बरीच खटपट आहे. तूर्तास त्या फॉरमॅटला पण ड्रॅगएंटरमध्ये होकार द्या आणि ड्रॉप झाल्यावर 'आधी डेस्कटॉपवर सेव्ह करा, मग इथे टाका' असा मेसेज दाखवा. नुसता नकाराचा कर्सर दिसला तर मामा परत तुम्हालाच फोन करतील.